ड्रमसमोर न फाटणारी गिटार: इंदूरच्या एका बँडची अ‍ॅम्प निवड

प्रकरण पाच जणांच्या बँडचं आहे. इंदूरच्या रामबागेत, एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्यांचा सराव चालतो. गाणारी ताई, कीबोर्डवर दादा, बेसवर कॉलेजातला एक मुलगा, ड्रमवर बँकेतून निवृत्त झालेले काका, आणि गिटारवर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला त्यांच्या शेजारचा मुलगा. गाणी जुनी हिंदी, मराठी भावगीतं, थोडी नवी चित्रपटगीतं. गणेशोत्सवात लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतल्या कॉलन्यांमध्ये कार्यक्रम होतात, थंडीत लग्नघरची संगीतसंध्या. मी त्यांचं साउंडचं काम बघतो, त्यामुळे हा सगळा शोध माझ्यासमोर झाला.

तक्रार सरळ होती. मुलाकडे 20 वॅटचा छोटा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, त्यात 8 इंची स्पीकर. घरी ऐकाल तर सुरेख वाजतो. सरावाला काकांनी ड्रमवर ठेका धरला की गिटार गायब. आवाज वाढवला की फाटतो. कमी केला तर ताई विचारते, "अरे, तू वाजवतोयस ना?" कडव्याच्या आधी तो जे तुकडे सुंदर छेडायचा, ते कोणाच्या कानापर्यंत पोचतच नव्हते. या बँडच्या गाण्यांत गिटारचं कामच असं आहे की प्रत्येक तार सुटी ऐकू यायला हवी: सुटे छेडलेले स्वरगुच्छ, ठेक्याच्या उलट्या मात्रेवर आखूड कापलेले कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर. रॉकमध्ये फाटलेला आवाज हाच अलंकार असतो, कारण तिथे बहुतेक वेळा षड्‌ज आणि पंचम एवढीच जोडी वाजते आणि ती फाटली तरी भरीव लागते. पण चार स्वरांचा सेव्हन्थ कॉर्ड फाटला की स्वरांच्या आपसातल्या बेरजा-वजाबाक्यांतून भलतेच स्वर तयार होतात आणि सगळा चिखल होतो. म्हणून या प्रकरणात "थोडा फाटला तर चालेल" ही सवलत पहिल्यापासून नव्हती.

अटी तीन. बजेट पन्नास हजारांच्या आत, तेही घरच्यांनी अर्धं आणि ट्यूशनच्या पैशांतून अर्धं. अ‍ॅम्प दुसऱ्या मजल्यावर चढवायचा आणि उतरवायचा. आणि मुलाचं वाहन स्कूटर.

सल्ले दोन मिळाले होते. दुकानदार म्हणाला, "भिया, सौ वॉट का ले जाओ, झंझट ही खतम." आणि वाजवणाऱ्यांमधल्या एका अनुभवी माणसाने सांगितलं की 15 वॅटचा ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) अ‍ॅम्प घे, ट्यूबचा एक वॅट ट्रान्झिस्टरच्या चार वॅटांना भारी. दोन्ही सल्ले मनापासून दिलेले होते. दोन्हींत अर्धं खरंही होतं. मात्र या मुलाची गरज वेगळी होती, आणि ती मोजल्याशिवाय पैसे घालणं मला पटत नव्हतं.

तेव्हा आधी एक संध्याकाळ जुन्याच अ‍ॅम्पवर घालवली. प्रश्न एकच होता: आवाज नेमका कुठे फाटतोय? गिटारपासून स्पीकरपर्यंत तो तीन ठिकाणी फाटू शकतो. पहिला टप्पा प्रीअ‍ॅम्प, म्हणजे जिथे गेनचा, सुरुवातीलाच आवाज वाढवणारा खटका (फिरवायचं बटण) असतो तो भाग. दुसरा पॉवर अ‍ॅम्प, जो स्पीकरला ढकलतो. तिसरा खुद्द स्पीकर. तपासायची रीत सोपी आहे. गेन खाली, मास्टर व्हॉल्यूम वर करायचा आणि गिटारवरचा व्हॉल्यूम सातवर आणायचा. एवढ्याने आवाज स्वच्छ झाला तर दोष प्रीअ‍ॅम्पचा, आणि नवा अ‍ॅम्प घेऊनही तो तसाच सोबत येणार.

इथे निम्मी गाठ सुटली. तारांचं कंपन विजेत बदलतो तो पिकअप. मुलाच्या गिटारला ब्रिजपाशी हंबकर आहे, म्हणजे घूं दाबणारा दुहेरी गुंडाळीचा पिकअप, मधे आणि मानेपाशी एकेरी गुंडाळीचे सिंगल कॉइल. ऐकू येत नाही म्हणून तो कायम हंबकर लावायचा, कारण तो जोरात बोलतो. शिवाय पिकअप तारांच्या इतका जवळ चढवलेला होता की पहिलाच टप्पा भरून वाहत होता. स्क्रूने पिकअप थोडा खाली घेतला, मधला सिंगल कॉइल लावला, गेन उतरवला. आवाज लगेच मोकळा झाला. पण मास्टर वर नेऊ लागलो तसा आवाज खटका निम्म्यावर पोचेपर्यंतच वाढला, पुढे फक्त खरखर वाढत गेली. हे पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये होतं. दहापैकी पाचपर्यंतच जवळजवळ सगळी ताकद खर्च झालेली असते, वरचे आकडे फक्त फाटणं वाढवतात. "अजून निम्मा खटका बाकी आहे" हा दिलासा म्हणून खोटा असतो. म्हणजे दुसरा आणि तिसरा टप्पा खरोखर अपुरे होते. नवा अ‍ॅम्प हवाच होता, पण केवढा?

आता हिशोब. हा भाग मी त्या मुलाला कागदावर करून दाखवला, कारण एकदा हा समजला की कुठल्याही दुकानात फसगत होत नाही.

वॅट दुप्पट केले की आवाज 3 डेसिबलने वाढतो. दहापट केले की 10 डेसिबलने. आणि कानाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटायला लागतात तेच 10 डेसिबल. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून 10 वॅटचा अ‍ॅम्प 100 वॅटचा केला, तर तो दहापट मोठा वाजत नाही, जेमतेम दुप्पट वाटतो. 50 आणि 100 मधला फरक 3 डेसिबलचा. तो कळतो, पण गायब असलेली गिटार त्याने अचानक समोर येत नाही.

वॅटांपेक्षा मोठा खेळ स्पीकरच्या संवेदनशीलतेचा असतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल देतो, तो हा आकडा. गिटारच्या चांगल्या 12 इंची स्पीकरचा तो 97 ते 100 असतो: सेलेस्टियन कंपनीच्या ग्रीनबॅक स्पीकरचा 98, व्हिंटेज 30 चा 100. छोट्या स्वस्त 8 इंचीचा बराच खाली असतो. समजा जुन्या अ‍ॅम्पचा 92 धरला. 20 वॅट म्हणजे 13 डेसिबलची भर, एकूण 105. आता 50 वॅटचा अ‍ॅम्प आणि 99 चा 12 इंची स्पीकर घ्या. 50 वॅटची भर 17, एकूण 116. फरक 11 डेसिबलचा, म्हणजे कानाला दुपटीहून थोडा जास्त. त्यातले वॅटांनी दिलेले फक्त 4, बाकी 7 स्पीकरने दिलेले.

आणि दुकानदाराच्या "सौ वॉट"चं काय? तोच 92 चा स्पीकर 100 वॅटला जोडला तर होतात 112. चांगल्या स्पीकरचा 50 वॅटवाला त्याच्या पुढे आहे. मुलगा कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, म्हणजे डब्यावर लिहिलेला आकडा मुख्य नाहीच." कॉम्बो (स्पीकर त्याच पेटीत असलेल्या) अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात वॅट मोठ्या अक्षरात असतात आणि स्पीकरची संवेदनशीलता बहुधा छापलेलीच नसते, हे मला नेहमी खटकत आलं आहे. म्हणून शेवटचा निवाडा कानानेच करावा लागतो, पण काय ऐकायचं ते तरी आधी ठाऊक हवं.

यापुढची गोष्ट क्लीन, म्हणजे न फाटलेल्या स्वच्छ आवाजात वाजवणाऱ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच कमी सांगितली जाते. क्लीन तार छेडली की क्षणभर मोठं टोक उठतं आणि लगेच आवाज उतरतो. ते टोक सरासरी आवाजापेक्षा 12 डेसिबल वर सहज जातं. 12 डेसिबल म्हणजे सोळापट ताकद. तेव्हा 50 वॅटचा अ‍ॅम्प टोकालाही फाटू नये असं वाटत असेल, तर सरासरी आपण वापरतो फक्त तीनेक वॅट. उरलेले सगळे त्या छेडण्याच्या क्षणासाठी राखीव. हीच ती हेडरूम. जुन्या 20 वॅटच्या अ‍ॅम्पमधून त्याच न्यायाने सरासरी सव्वा वॅट मिळत होता. म्हणजे एक मीटरवर सरासरी 93 डेसिबल. ड्रमचा संच जोरात वाजला की जवळच्या माणसाला 100 च्या आसपास ऐकू येतो, संचातल्या स्नेअर या खणखणीत ड्रमचा एकेक फटका तर त्याच्याही बराच वर. 93 त्यात दबणार, यात नवल काय? नव्या हिशोबात सरासरी 104 येत होती. ती ड्रमशेजारी उभी राहू शकते.

ट्यूबचं कोडंही इथेच सुटतं. अ‍ॅम्प फाटू लागला की टोकं छाटली जातात आणि सरासरी आवाज वर चढतो. ट्यूब हळुवार फाटते, कानाला ते फाटणं गोड लागतं, म्हणून वाजवणारा निर्धास्तपणे पुढे ढकलतो आणि 15 वॅटमधून मोठा आवाज काढतो. छापलेल्या वॅटांपेक्षा जास्त ताकदही त्या अवस्थेत निघते. ट्रान्झिस्टर त्याच जागी कर्कश होतो, म्हणून वाजवणारा आधीच थांबतो. "ट्यूबचा वॅट मोठा" ही म्हण फाटलेल्या आवाजापुरती खरी आहे. आपल्याला फाटायच्या अलीकडेच थांबायचं असेल तर 15 वॅट हे 15 वॅटच. फेंडरचा 22 वॅटचा डिलक्स रिव्हर्ब हा क्लीन आवाजासाठी नावाजलेला अ‍ॅम्प आहे, पण जोरकस ड्रमसमोर तोही व्हॉल्यूम चार-पाचच्या पुढे गेला की खरखरू लागतो. ट्यूबमध्येच मोठा क्लीन आवाज हवा असेल तर ट्विन रिव्हर्बकडे जावं लागतं: 85 वॅट, दोन 12 इंची स्पीकर, आणि वजन तीस किलोच्या घरात. बजेट आणि जिना या दोघांनीही नकार दिला.

कागद बाजूला ठेवून प्रत्यक्ष ऐकायचं ठरवलं. शहरात भाड्याने साउंड देणाऱ्यांकडे रोलँडचा जेसी-120 मिळतो. हा अ‍ॅम्प 1975 सालचा, आत 60-60 वॅटचे दोन अ‍ॅम्प आणि दोन 12 इंची स्पीकर, आणि जगभर तो स्वच्छ आवाजाचा मापदंड मानला जातो. एका संध्याकाळपुरता आणला. वरती चढवताना चौघांचे हात लागले. विकत घ्यायचा विचार नव्हताच. आपल्याला किती लागतं ते मोजण्यासाठी तो हवा होता. ज्याला स्वतःची गरज ठाऊक नाही त्याने एकदा तरी गरजेपेक्षा मोठा अ‍ॅम्प भाड्याने आणावा असं मी आग्रहाने सांगेन. विकत घेऊन पस्तावण्यापेक्षा ते भाडं फार स्वस्त पडतं.

काकांना सांगितलं, "काका, कार्यक्रमात वाजवता तसंच वाजवा, आमच्यासाठी हात राखू नका." ते हसले आणि खरंच राखला नाही. मी गायिकेच्या जागी उभा राहिलो, मोबाइलवर डेसिबल दाखवणारं अ‍ॅप लावून. असे आकडे अचूक धरू नयेत, पण एकाच मोबाइलने एकाच जागी घेतलेल्या दोन आकड्यांची तुलना विश्वासाची असते. ड्रम एकटा वाजताना जो आकडा येत होता, त्याच्या आसपास गिटार एकटी येईपर्यंत खटका वाढवला. जेसी-120 तीनच्याही आत होता. मग सगळे एकत्र वाजले. ताईने गाणं मधेच थांबवलं आणि वळून मुलाकडे बघत म्हणाली, "हे तू नेहमीच वाजवत होतास?"

त्या संध्याकाळी दोन गोष्टी नक्की झाल्या. 120 वॅटची गरज नाही. आणि 12 इंची स्पीकरला पर्याय नाही, कारण आवाज नुसता मोठा नव्हता, त्याला अंग होतं.

यानंतरची निवड लवकर उरकली. एक जुना अमेरिकन ट्यूब अ‍ॅम्प चांगल्या भावात मिळत होता, पण तो 120 व्होल्टचा. त्याला कायम जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सोबत वागवावा लागला असता, आणि मांडवात कुणीतरी चुकून थेट 230 मध्ये लावला की संपलंच. फेंडरचा चॅम्पियन 100 नीट विचारात घेतला: 100 वॅट, दोन 12 इंची स्पीकर. वॅटांचे 3 आणि दुसऱ्या स्पीकरचे आणखी सुमारे 3 डेसिबल हिशोबात मिळत होते, आणि क्लीन आवाज प्रसन्न. चारचाकी असती तर मी त्याच्याच बाजूने उभा राहिलो असतो. तो स्कूटरवर जात नाही. रोलँडचा जेसी-40 दोघांच्याही मनात भरला, दोन 10 इंची स्पीकर, तोच जातिवंत स्वच्छपणा. किंमत बजेटच्या बाहेर.

शेवटी बॉसचा कटाना 50 ठरला. 50 वॅट, एक 12 इंची स्पीकर, वजन 12 किलोच्या आसपास, स्कूटरच्या पुढच्या फळीवर मावतो. त्याच मालिकेतला 100 वॅटवालाही दुकानात होता. त्या जास्तीच्या 3 डेसिबलसाठी किमतीतला फरक द्यायचा, की त्या पैशांत एक माइक आणि स्टँड घ्यायचा, हा प्रश्न उरला. मी माइकच्या बाजूने बोललो. अ‍ॅम्पने बँडला ऐकू यावं. समोरच्या दोनशे लोकांची जबाबदारी मिक्सर आणि मोठ्या स्पीकरांची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल जातात. एका मीटरवर 104 असेल तर सोळा मीटरवर 80 उरतात, 100 वॅटवाल्याचे 83. मागच्या रांगेतल्या आजोबांना त्या तिनाने काही मिळणार नाही, माइकने मिळेल.

दुकानात चाचणी घेताना मुलाने स्वतःची गिटार नेली होती. दुकानातली चकचकीत गिटार लावून अ‍ॅम्प ऐकण्यात अर्थ नसतो. गेन खाली ठेवला, अ‍ॅम्पमधली रिव्हर्ब (घुमारा) वगैरे सगळी सजावट बंद केली, आणि उघड्या ई मेजर कॉर्डवर जोरात हात मारला. मी तीनेक मीटरवर पाठ करून उभा. फाटायला कुठे लागतो ते आधी शोधलं आणि तिथून थोडं मागे येऊन तो वाजवत राहिला. रिव्हर्ब आणि कोरस चालू असले की कुठलाही अ‍ॅम्प दुकानात मधुर लागतो, आणि दुकानदारांच्या अ‍ॅम्पवर ते चालूच असतात.

अ‍ॅम्प आला तरी पहिल्या सरावाला गिटार पुन्हा थोडी दबली. मुलाचा चेहरा उतरला. पण इथून पुढचं काम पैशाचं नव्हतंच.

त्याने घरी बसून आवाज लावला होता: बेस (खर्ज) आठवर, ट्रेबल (टीप) सातवर, मिडल (मधला पट्टा) तीनवर. घरी तो आवाज खरंच छान लागतो, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्जाचं आणि टिपेचं कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये याचे आलेख मांडले. म्हणून घरी आपण दोन्ही टोकं वाढवून घेतो. बँडमध्ये आवाज मोठा झाला की तो खर्ज उसळून वर येतो. त्या पट्ट्यात बेस गिटार आणि ड्रमचा किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आधीच बसलेले असतात, त्यामुळे गिटारचा खर्ज ऐकू तर येत नाही, पण अ‍ॅम्पची सगळ्यांत जास्त ताकद तोच खातो. आपली कष्टाने कमावलेली हेडरूम अशी न ऐकू येणाऱ्या स्वरांवर जाते. बेस चारवर आणला, मिडल सातवर नेला. गिटारचं बोलणं साधारण 500 हर्ट्झ ते 3 किलोहर्ट्झ या पट्ट्यात असतं, आणि मिडलचा खटका तिथेच काम करतो. एकटा ऐकताना आवाज जरा नाकातला वाटला. मुलगा कुरकुरला. सगळे वाजायला लागले तेव्हा तो व्हॉल्यूम न वाढवता पुढे आला.

दुसरी गोष्ट जागेची. अ‍ॅम्प जमिनीवर, मुलगा त्याच्या अगदी पुढे उभा, म्हणजे स्पीकर त्याच्या पोटऱ्यांना गिटार ऐकवत होता. 12 इंची स्पीकरचा तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. वाजवणाऱ्याच्या कानाला तो बोदा लागतो, म्हणून तो ट्रेबल वाढवतो, आणि झोतात बसलेल्याचे कान किटतात. आमच्याकडे तो झोत कीबोर्डवाल्या दादावर पडत होता आणि त्याची जुनी तक्रार तीच होती. अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढला, खुर्चीवर ठेवला, मागे थोडा कलता केला. मुलाला पहिल्यांदा स्वतःचा खरा आवाज ऐकू आला, आणि त्याने आपणहून ट्रेबल उतरवला, व्हॉल्यूमही.

आणि ड्रम. वयाने सगळ्यांत मोठ्या माणसाला "हळू वाजवा" सांगायचं कोणी, यावरच बँड अडलेले असतात. इथे मुलानेच विचारलं, "काका, कडव्याला ब्रश किंवा बारीक काड्यांच्या जुडीने वाजवून बघायचं का?" काकांना ते आवडलं, त्यांनी स्वतःच झांजेवरचा हात हलका केला. खोलीला फरशी आणि समोरासमोर कोऱ्या भिंती, त्यामुळे प्रत्येक फटका घुमत होता. ड्रमखाली जाड सतरंजी घातली, मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या. झांजांची धार त्याने बोथट झाली; किकच्या घुमण्यावर गोधडीचा परिणाम होत नाही, त्याची अपेक्षाही ठेवली नव्हती. दादाने डाव्या हाताचे खालचे कॉर्ड सोडून दिले, कारण तिथे गिटार आणि बेस दोघे होतेच. या सगळ्याचा मिळून परिणाम, माझ्या कानाने, 50 चे 100 वॅट करण्यापेक्षा मोठा होता.

कानाचंही सांगायला हवं. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलमध्ये आठ तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. बंद खोलीत दोन तास सराव करणाऱ्यांनी कानात संगीतासाठीचे इअरप्लग घालायलाच हवेत. पाचही जणांसाठी ते घेतले. काका आधी नाखूष होते, आता त्यांचे ते पहिल्यांदा बाहेर निघतात.

गणेशोत्सवातला पहिला कार्यक्रम एका कॉलनीच्या मोकळ्या मैदानात होता. मंडळाने लावलेल्या सिस्टीमवर माइक मोजकेच, त्यामुळे आपला माइक आणला होता ते बरं झालं. कटाना 50 ला रेकॉर्डिंगचा आउटपुट आहे, पण त्यात वायर लावली की अ‍ॅम्पचा स्वतःचा स्पीकर बंद होतो. मग मिक्सरला आवाज जातो आणि मंचावर कोणालाच गिटार ऐकू येत नाही. हे आधी माहीत नसेल तर ऐन वेळी धांदल उडते. आम्ही माइकच वापरला, स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवून, मध्यापासून थोडा कडेला. अ‍ॅम्प मंचाच्या बाजूला, तोंड बँडकडे. मास्टर निम्म्याच्या खाली राहिला आणि तारेचं एकही टोक फाटलं नाही. ताईला आता मागे वळून बघावं लागत नव्हतं.

अडचण आलीच, ती विजेची. जनरेटरवर मांडव, सगळीकडे रोषणाईच्या माळा, आणि सिंगल कॉइलमधून 50 हर्ट्झची घूं. मंडळातला एक कार्यकर्ता मदतीला धावला आणि म्हणाला, "अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज जातो." आवाज जातो हे खरं, पण मग अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर वीज तारांमधून वाजवणाऱ्याच्या हातात येते, आणि त्याच वेळी ओठ माइकला लागले तर जीव जाऊ शकतो. ती पिन कधीही काढू द्यायची नाही, कार्यक्रम रद्द झाला तरी चालेल. आम्ही अ‍ॅम्प, कीबोर्ड आणि मिक्सर तिघांनाही एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवरून वीज दिली, गिटारच्या तारा आणि माइक यांच्यामध्ये मल्टीमीटर लावून बघितला, आणि मुलाला रोषणाईकडे काटकोन करून उभं केलं. घूं बरीचशी गेली. उरलेल्या घूंसाठी गाण्यातल्या शांत जागी तो हंबकर लावतो. पिकअप खाली उतरवलेला असल्यामुळे आता तोही फाटत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून शेवटची दोन गाणी लवकर आटोपली.

सध्या मुलगा कॉम्प्रेसरचा, म्हणजे आवाजाची टोकं दाबणारा, पेडल उसना आणून बघतोय. टोकं पाचसहा डेसिबलने दाबली की त्याच हेडरूममध्ये सरासरी तेवढीच वर घेता येते, त्यामुळे सुट्या तारांच्या तुकड्यांना तो उपयोगी पडेल असं मला वाटतं. ठेक्याच्या कॉर्डसाठी मात्र नको, त्यांचा कापच टोकात असतो. त्याचं मत अजून ठरलेलं नाही. एका गाण्यात लावतो, पुढच्यात काढतो, आणि दर वेळी काकांना विचारतो, "काका, ऐकू आलं?"